शास्त्राधारावाचून सुधारणा : गोपाळ गणेश आगरकरांचे जीवन आणि गद्य

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात धर्म आणि समाज यांविषयी जो वाद माजला, त्यात वादी आणि प्रतिवादी या दोघांनाही एक गोष्ट बहुतांशी मान्य होती. विधवेचा पुनर्विवाह असो, मुलीच्या विवाहाचे वय असो, की मिशनऱ्यांच्या घरी घेतलेला चहा असो, अखेरचा निर्णय शास्त्रवचनावर व्हावयाचा, हे ते गृहीत तत्त्व होय. सातारा जिल्ह्यातील बावधन या गावी जन्मलेल्या विष्णुशास्त्री पंडितांनी १८७० मध्ये पुण्यास शंकराचार्यांसमोर पुनर्विवाहाचा पक्ष मांडला, तो श्रुतिस्मृतींच्या आधारानेच. निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला. त्यानंतरही न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी हा मार्ग सोडला नाही. जुन्या ग्रंथांचे साक्षेपाने संशोधन करावे, त्यांतील प्राचीनतर आणि उदार मत पुढे आणावे आणि रूढी हीच शास्त्रापासून ढळलेली आहे असे दाखवून द्यावे, अशी त्यांची पद्धती होती.

सोळाव्या शतकातील युरोपात इरॅस्मससारख्या मानवतावादी पंडितांनी याच स्वरूपाचे कार्य केले होते. १५१६ मध्ये इरॅस्मसने नव्या कराराची ग्रीक संहिता छापून प्रसिद्ध केली, त्यामागे मूळ ग्रंथ शुद्ध झाला की धर्मही शुद्ध होईल, अशी श्रद्धा होती. भांडारकरांचे कार्य या परंपरेला जवळचे आहे. सातारा जिल्ह्यातीलच टेंभू या गावी जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी मात्र या पद्धतीच्या मुळाशी असलेला प्रश्नच बदलला. एखादी चाल शास्त्रात आहे किंवा नाही, यापेक्षा ती माणसाच्या सुखाला आणि विवेकाला पटते किंवा नाही, एवढेच त्यांनी पाहिले. हा बदल विचारापुरता मर्यादित नव्हता. वचनाचा आधार सोडला म्हणजे लेखनाचा सारा भार लेखकाच्या वाक्यावर पडतो. आगरकरांच्या जीवनाचा आणि गद्याचा एकत्र विचार करणे त्यामुळे आवश्यक ठरते.

१. टेंभू ते डेक्कन कॉलेज

कऱ्हाडजवळ कृष्णेच्या काठी असलेल्या टेंभू येथे १४ जुलै १८५६ रोजी आगरकरांचा जन्म झाला. सांगली जिल्ह्यातील दुष्काळी तालुक्यांपर्यंत पाणी पोहोचविणाऱ्या उपसा सिंचन योजनेमुळे या गावाचे नाव आज सर्वतोमुखी झाले आहे. आगरकरांच्या बालपणी ते एक लहानसे खेडे होते आणि त्यांचे घराणे अत्यंत दरिद्री होते. आजोळच्या आश्रयाने कऱ्हाडास त्यांचे प्रारंभीचे शिक्षण झाले. तेथील शिक्षण संपल्यावर त्यांनी काही काळ मामलेदार कचेरीत उमेदवारी केली. पुढे शिकण्याच्या ओढीने ते पायी रत्नागिरीस गेले, परंतु तेथे निभाव न लागल्याने त्यांना परत यावे लागले. अखेर नातेवाइकांच्या आधाराने ते वऱ्हाडात अकोल्यास गेले आणि तेथून १८७५ मध्ये मॅट्रिक झाले.

अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले. महाजनी हे स्वतः शेक्सपिअरचे मराठी रूपांतरकार होते. इंग्रजी नाटक मराठीत आणण्याचा उद्योग आगरकरांनी विद्यार्थिदशेतच अशा रीतीने जवळून पाहिला. पुढे पुण्यास डेक्कन कॉलेजात त्यांनी शिष्यवृत्त्या, बक्षिसे आणि वर्तमानपत्री लेखन यांवर आपला खर्च भागविला. इतिहास आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे आवडीचे विषय होते. मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा जो खोल संस्कार त्यांच्यावर झाला, तो याच काळातील होय.

क्रमिक पुस्तकांतून आगरकरांचे चरित्र पुष्कळदा दारिद्र्यावर मात करणाऱ्या विद्यार्थ्याची कथा म्हणून येते. परंतु या दारिद्र्याचा खरा अर्थ त्यांनी पुढे केलेल्या निवडीत आहे. एम. ए. झालेल्या मनुष्यास त्या काळी सरकारी नोकरीत मोठे वेतन सहज मिळत असे. मोठ्या पगाराच्या आशेवर असलेल्या आपल्या आईस त्यांनी पत्राने कळविले की, विशेष संपत्तीची हाव न धरता पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण सर्व वेळ परहितार्थ घालविणार आहोत. ज्या घरासाठी तो पगार हवा होता, त्याच घराला हा निर्णय सोसावा लागणार होता. तत्त्वासाठी स्वतः झळ सोसणे एक आणि आपल्या माणसांना ती सोसावयास लावणे वेगळे. या दुसऱ्या प्रकारचे ओझे आगरकरांच्या आयुष्यात अखेरपर्यंत राहिले.

२. शाळा, ‘केसरी’ आणि डोंगरीचा तुरुंग

डेक्कन कॉलेजात १८७९ च्या सुमारास आगरकरांचा बाळ गंगाधर टिळकांशी स्नेह जुळला. देशकार्यासाठी शिक्षणास वाहून घ्यावे, हा विचार त्या दोघांच्या चर्चेतून पक्का झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम. ए. ची परीक्षा आटोपून आगरकरही तेथे दाखल झाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली व ‘केसरी’चे संपादकत्व आगरकरांकडे आले.

चिपळूणकर आणि आगरकर यांचा हा सहवास वाङ्मयदृष्ट्या महत्त्वाचा आहे. ‘निबंधमाले’ने मराठी गद्याला डौल, उपरोध आणि प्रतिपक्षावर तुटून पडण्याचे सामर्थ्य दिले होते, परंतु त्या सामर्थ्याचा मोठा भाग सुधारकांवर टीका करण्यात खर्च झाला. आगरकरांनी शस्त्र तेच घेतले, मात्र त्याची दिशा फिरविली. स्वजनांचा अभिमान जागविण्यासाठी घडलेले गद्य त्यांनी स्वजनांच्या दोषपरीक्षणासाठी वापरले. मार्च १८८२ मध्ये चिपळूणकरांचे अकाली निधन झाल्याने या दोन प्रवृत्तींचा प्रत्यक्ष सामना झाला नाही. तो पुढे आगरकर आणि टिळक यांच्यात झाला.

तत्पूर्वी या दोघांनी तुरुंगवास मात्र एकत्र भोगला. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळासंबंधी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांतून झालेल्या लेखनावरून दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला केला. लेखनाला आधारभूत असलेली पत्रे बनावट ठरली आणि जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. खटल्याच्या काळात जोतीराव फुले यांचे स्नेही रामशेठ उरवणे हे त्यांना जामीन राहिले होते. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ऑक्टोबरमध्ये त्यांची सुटका झाली. या दिवसांची हकिगत आगरकरांनी पुस्तकरूपाने लिहिली. तिच्यात हौतात्म्याचा आव नाही. कोठडी, अन्न, शेजारी आणि चर्चा यांचे खेळकर, तपशीलवार वर्णन आहे.

त्या कोठडीतील चर्चांत देशाच्या उन्नतीबरोबरच समाजरचनेचाही विषय असे आणि दोघांतील मतभेद तेथेही दिसत होता. मैत्रीच्या ऐन भरात असलेला हा मतभेद पुढे त्या मैत्रीलाच पुरून उरला.

३. ‘विकारविलसित’ आणि ‘वाक्यमीमांसा’

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचे काम आगरकरांनी तुरुंगात हाती घेतले आणि १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध केले. हॅम्लेटचा चंद्रसेन झाला आणि ऑफेलियाची मल्लिका. शाहूनगर म्हणजे सातारा. त्या शहराचे नाव धारण करणाऱ्या शाहूनगरवासी नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले आणि गणपतराव जोशी यांच्या भूमिकेने ते गाजले. शास्त्राचा आणि पित्याचा आदेश शिरोधार्य मानणाऱ्या समाजासमोर, पित्याच्या पिशाच्चाने दिलेली आज्ञाही तपासून पाहिल्यावाचून न मानणारा नायक अशा रीतीने मराठी बोलत उभा राहिला. आगरकरांनी हे नाटक त्याच हेतूने निवडले असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु संशयाला भाषा देण्याचा सराव त्यांना या भाषांतराने घडला, हे मान्य करावे लागेल.

१८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ या ग्रंथाकडे आगरकरांच्या चरित्रकारांचे सहसा जावे तितके लक्ष जात नाही. शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले एक व्याकरणाचे पुस्तक, एवढीच त्याची नोंद होते. वास्तविक मराठी व्याकरणात शब्दविचाराच्या मानाने वाक्यविचार मागे पडलेला असताना लिहिलेले हे एक आरंभीचे स्वतंत्र पुस्तक होय. त्याचे नावही विचार करण्यासारखे आहे. भारतीय परंपरेत मीमांसा हेच वाक्यशास्त्र म्हणून ओळखले जाते आणि त्याचा विषय वेदवाक्य, विशेषतः विधिवाक्य, हा आहे. अमुक करावे असे वचन सांगते, तेव्हा त्याचा नेमका अर्थ कोणता आणि ते कोणाला लागू, हे ठरविणे हे मीमांसकाचे काम. धर्मनिर्णयाची सारी यंत्रणा या शास्त्रावर उभी होती.

आगरकरांनी मीमांसा हा शब्द उचलला आणि तो साध्या मराठी वाक्याला लावला. ‘सोवळ्याची मीमांसा’ या निबंधात तोच शब्द त्यांनी घरातील एका आचाराला लावला. दोन्ही ठिकाणी कृती एकच आहे. जे अखंड आणि म्हणून अलंघ्य वाटते, त्याचे अवयव सुटे करावयाचे, प्रत्येक अवयवाचे कार्य विचारावयाचे आणि ज्याला कार्य उरलेले नाही ते तसे स्पष्ट सांगावयाचे. वाक्याचे पृथक्करण करणारा शिक्षक आणि रूढीचे पृथक्करण करणारा निबंधकार हे वेगळे नव्हेत.

४. फूट आणि ‘सुधारक’

१८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरील आपली टिपणे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी रखमाबाईंवरील दावाही उभा राहिला. बालपणी झालेल्या विवाहाने बांधलेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पतीकडे पाठविता येईल काय, हा त्यातील प्रश्न होता. याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले होते. एकाच संस्थेत, एकाच पत्रात आणि एकाच ध्येयाने काम करणाऱ्या मंडळींत या प्रश्नांवरून उघड दोन पक्ष पडले. ‘केसरी’ हे सामायिक पत्र असल्याने आगरकरांना आपली मते मोकळेपणाने मांडणे अशक्य होऊ लागले. १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये स्वतःचे ‘सुधारक’ हे पत्र काढले. त्याच्या इंग्रजी बाजूची जबाबदारी आरंभीच्या काळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली.

टिळकांची भूमिका केवळ सनातनी होती, असे मानणे अन्यायाचे होईल. परकीय सरकारला आपल्या घरात कायदा करू दिला, तर राष्ट्राचा स्वाभिमान आणि एकजूट दोन्ही ढासळतील, हा त्यांचा आक्षेप राजकीय होता आणि त्यात तथ्यही होते. आगरकरांचा प्रतिवाद असा की, दहा वर्षांच्या मुलीला भोगावे लागणारे दुःख स्वराज्याची वाट पाहत थांबू शकत नाही. दोघांच्याही दृष्टीने प्रश्न देशाचा होता. देश म्हणजे प्रथम कोण, याबद्दल मात्र त्यांचे एकमत नव्हते.

१८९० आणि १८९१ या दोन वर्षांत हा वाद शिगेस पोहोचला. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून ग्रामण्य उभे राहिले. त्या प्रसंगी उपस्थित असलेल्या रानडे आणि टिळक या दोघांनाही पुढे प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करावा लागला. परस्परविरोधी पक्षांचे दोन नेते एकाच धर्मपीठाच्या अधिकारापुढे अशा रीतीने वाकले. त्याच सुमारास संमतिवयाचे विधेयक पुढे आले. गर्भाधानाचा काल कोणता, यावर भांडारकरांनी धर्मशास्त्राचा सविस्तर धांडोळा घेऊन विधेयकाला अनुकूल निष्कर्ष काढला आणि टिळकांनी त्याच ग्रंथांच्या आधारे त्याला उत्तर दिले. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला आणि संमतिवय दहावरून बारा झाले.

या वादात आगरकरांचे वेगळेपण ठळकपणे दिसते. भांडारकरांचा निष्कर्ष त्यांना हवा तोच होता, तरी सुधारणेचे समर्थन त्या आधारावर उभे करण्यास ते तयार नव्हते. शास्त्राचा आधार घेऊन मिळविलेली सुधारणा दुसरे शास्त्रवचन सापडताच गमवावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. तसेच, ज्या मुलीविषयी हा वाद चालला आहे, तिच्या वेदनेला पुराव्यात कोठेच स्थान नाही, ही गोष्ट त्यांना असह्य होती. ईश्वरविषयक प्रश्नांत त्यांची भूमिका अज्ञेयवादी होती. अज्ञेयाच्या नावाने ज्ञात माणसाला छळणे त्यांना मान्य नव्हते.

वचन बाजूला सारल्यावर वाचकाला पटविण्यासाठी काय उरते, याचे उत्तर ‘सुधारका’तील निबंधांच्या रचनेत आहे. आगरकर प्रतिपक्षाचा आक्षेप प्रथम पूर्णपणे मांडतात, त्याचे जितके म्हणून पर्याय संभवतात तितके मोजतात आणि एकामागून एक निकालात काढतात. प्रश्नांची मालिका, लांब पण तोल न सोडणारे वाक्य, घरातील ओळखीचे दृष्टांत आणि अधूनमधून चमकणारा उपरोध ही या गद्याची अंगे होत. केशवपन, सोवळे, प्रेतसंस्कार, स्त्रियांचा पोशाख असे विषय त्यांनी प्रौढ निबंधाच्या पदवीला नेले. या पद्धतीचे दोषही आहेत. तर्काने सिद्ध झालेली गोष्ट मनुष्य आचरणात आणीलच, या विश्वासामुळे त्यांचे प्रतिपादन काही वेळा एकसुरी होते. त्यांच्या उदाहरणांतील घर बहुधा ब्राह्मणाचे घर असते. जातिभेदाविरुद्ध त्यांनी लिहिले, तरी फुल्यांनी ज्या शेतकऱ्याचे जग मराठी गद्यात आणले, ते आगरकरांच्या निबंधांत क्वचितच प्रवेश करते.

५. अखेरची वर्षे

१८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. १८९२ मध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचे निधन झाले आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद आगरकरांकडे आले. दमा त्यांना विद्यार्थिदशेपासून जडलेला होता. अध्यापन, संस्थेचा कारभार आणि साप्ताहिक यांचा भार वाहताना तो बळावत गेला. पुण्यात विरोधकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. तरीही ‘सुधारक’ चालू राहिला. १८९३ मध्ये त्याच महाविद्यालयातील धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या थोड्या मंडळींत आगरकर होते.

१७ जून १८९५ रोजी वयाची ३९ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच पुण्यात त्यांचे निधन झाले. स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी एका पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगितले जाते. पत्नी यशोदाबाई आणि मुले यांच्यामागे संपत्ती उरली नाही. आईला लिहिलेल्या पत्रातील वचन असे पाळले गेले. त्याची किंमत कोणी दिली, याची नोंद चरित्राने घेतली पाहिजे. टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

६. समारोप

आगरकरांच्या भूमिकेला त्यांच्या काळी किती यश आले, याची एक कसोटी वाङ्मयातच सापडते. सांगलीजवळच्या हरिपूर येथील गोविंद बल्लाळ देवल हे आगरकरांचे समवयस्क. त्यांनीही शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ ‘झुंझारराव’ या नावाने मराठीत आणले होते. आगरकरांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८९९ मध्ये, त्यांचे ‘शारदा’ रंगभूमीवर आले आणि जरठ-बाला विवाहाविरुद्ध महाराष्ट्राचे मन त्याने हलवून सोडले. पैशासाठी विकल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख प्रेक्षकाने प्रत्यक्ष पाहिले, ही आगरकरांच्या विचाराची सरशी म्हणता येईल. परंतु नाटकातील विवाह मोडतो तो वधूवर सगोत्र निघाल्यामुळे आणि शारदेचा पुढील मार्ग मोकळा होतो तो शंकराचार्यांच्या अनुमतीने. प्रेक्षकाची सहानुभूती मुलीच्या बाजूची झाली होती, निर्णयाचा अधिकार मात्र अजून धर्मपीठाकडेच होता.

आगरकरांच्या जीवनातील ताण नेमका येथे आहे. शास्त्राधाराचा मार्ग पत्करला असता, तर त्यांना अनुयायी अधिक मिळाले असते आणि काही मित्रही टिकले असते. तो नाकारल्याने ते एकाकी पडले. परंतु माणसाचे दुःख हा स्वयंपूर्ण पुरावा आहे आणि त्याला वचनाच्या साक्षीची गरज नाही, हे मराठी गद्यात प्रथमच इतक्या निःसंदिग्धपणे मांडले गेले. १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय काढले आणि त्याच वर्षी टेंभूच्याच कऱ्हाड तालुक्यातील काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. कृष्णाकाठच्या ज्या मुलाला शिक्षणासाठी रत्नागिरी आणि अकोला गाठावे लागले, त्याच्या मुलखात ज्ञान अशा रीतीने पोहोचले. शास्त्रात काय आहे याऐवजी माणसाचे काय होते, असे विचारण्याची सवय या ज्ञानाबरोबर किती रुजली, हा प्रश्न आगरकरांच्या प्रत्येक नव्या अभ्यासकापुढे उभा राहतो.